दमा असताना सीआरपी वाढला, म्हणजे दमा रक्तात पसरला का?

नाही, दमा रक्तात पसरत नाही. तुम्ही लिहिलंय, आईचं वय ५८, जुना दमा, रिपोर्टात सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) १४ आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८ टक्के. मी इंदुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रामबाग, लोकमान्यनगरकडची मंडळी रिपोर्ट हातात पडला की काउंटरवरच हे विचारतात.

सीआरपी बनतो यकृतात, आणि शरीरात दाह कुठेही असला तरी वाढतो. हिरडीत पू, लघवीतला संसर्ग, नुकताच झालेला ताप, विडी-सिगरेट, नुसतं वाढलेलं वजनसुद्धा पुरतं. काही दमेकऱ्यांत, विशेषतः लठ्ठ असतील तर, तो थोडा चढलेला सापडतो. पण त्यावरून दमा किती आहे ते कळत नाही. पॅकेजात असतो म्हणून तपासला जातो, आम्हीही विकतोच. आधी एकक बघा: लिटरमागे १४ मिलिग्रॅम म्हणजेच डेसिलिटरमागे १.४. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून लोक उगाच घाबरतात.

दम्यासाठी कामाचा आकडा इओसिनोफिलचा, पण तोही टक्क्यांत नाही, एका मायक्रोलिटर रक्तात पेशी किती, तो. पांढऱ्या पेशी ९,००० असतील तर ८ टक्के म्हणजे ७२०. ५,००० असतील तर ४००. गंभीर दम्यात महागडी इंजेक्शनं द्यायची की नाही हे ठरवताना छातीचे डॉक्टर १५० आणि ३०० या आकड्यांकडे बघतात. मात्र आपल्याकडे जंतांनी आणि हत्तीरोगाच्या कृमींनीही इओसिनोफिल वाढतात. सगळं खापर दम्यावर फोडू नका.

आणि स्टिरॉइड! प्रेडनिसोलोनची गोळी पोटात गेली की काही तासांत इओसिनोफिल घसरतात, न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मात्र वाढतात. दम्याच्या अटॅकनंतर गोळ्या चालू असलेला माणूस येतो, इओसिनोफिल शून्य, पांढऱ्या पेशी १४,०००, आणि घरचे म्हणतात, इन्फेक्शन झालं. ते गोळीचंही काम असू शकतं. फॉर्मवर ‘चालू औषधं’ हा रकाना असतो, बहुतेक जण कोराच सोडतात.

आईला स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर त्याची तारीख रिपोर्टाच्या कोपऱ्यात पेनने लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. स्पायरोमेट्री झाली नसेल तर तीही विचारा. दम किती कोंडतोय ते त्या फुंकण्यातून कळतं. ताप, खोकला, लघवीची जळजळ असेल तर तेही सांगा, १४ चं कारण बहुधा तिथेच निघेल. दम्याचा पंप मनाने बंद करू नका.