मॉरिशसमध्ये मुक्काम कोणत्या किनाऱ्यावर करावा?

प्रश्न : ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सासू-सासऱ्यांसह सात रात्रींसाठी मॉरिशसला जाणार आहोत. ट्रॅव्हल एजंट पूर्व किनाऱ्यावरचे रिसॉर्ट बऱ्याच कमी दरात देत आहे. बेट लहान असल्यामुळे कुठेही राहिलात तरी सारखेच, असे त्याचे म्हणणे आहे. सासूबाईंना गार वारा सोसत नाही. त्याच आठवड्यात गणपती येतात. तिथे दर्शन घडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बेट लहान आहे हे खरे, उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम ६५ किलोमीटर. सारखेच मात्र नाही. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो आणि त्या दिवसांत आग्नेयेकडून येणारे वारे पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात. पूर्वेच्या बेल मार किनाऱ्याची पांढरी वाळू अप्रतिमच आहे, परंतु सासूबाईंना तिथे संध्याकाळी शाल गुंडाळून खोलीत बसावे लागेल. दर उतरला आहे तो बहुधा याच वाऱ्यामुळे. डिसेंबरात जाणार असतात, तर हाच वारा सुखद वाटतो म्हणून मी पूर्वेचीच शिफारस केली असती.

आपण पश्चिमेला, फ्लिक आं फ्लाकच्या आसपास, किमान पाच रात्री राहावे. मधले पठार आणि डोंगर वारा व पाऊस अडवतात, त्यामुळे हा भाग बेटावर सर्वांत कोरडा राहतो. प्रवाळभिंतीच्या आतले पाणीही संथ असते. दक्षिणेच्या टोकाला, सुयाकजवळच्या ग्री ग्री येथे, ही भिंत तुटलेली आहे. तिथे समुद्र सरळ काळ्या कड्यावर येऊन फुटतो. तो पाहण्यासारखा आहे, परंतु पाण्यात मुळीच उतरू नये.

फ्लिक आं फ्लाकहून एक पूर्ण दिवस नैऋत्येसाठी ठेवावा. ल मॉर्नच्या ५५६ मीटर उंचीच्या पहाडावर पळून आलेले गुलाम आश्रय घेत. २००८ मध्ये तो जागतिक वारसास्थळ झाला. तिथून शामारेलची सातरंगी माती आणि धबधबा जवळच आहेत. गंगा तलावही त्याच दिवशी उरकता येतो, मात्र मृत ज्वालामुखीच्या विवरातील हे तळे पठारावर असून तिथे धुके आणि भुरभुर पाऊस नेहमीचाच, तेव्हा किनाऱ्यावर ऊन आहे म्हणून स्वेटर हॉटेलवर ठेवून निघू नये. उत्तरेकडचे ग्रां बे दुकाने आणि रात्रीच्या गजबजाटासाठी प्रसिद्ध आहे. ज्येष्ठ मंडळींसह अर्धा दिवस पुरे. जाता-येता पोर्ट लुईत आप्रवासी घाट पाहावा, कारण एकोणिसाव्या शतकात भारतातून नेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांची पहिली पावले तिथल्याच पायऱ्यांवर पडली.

त्या मजुरांत मराठी माणसेही होती, म्हणूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुखद आहे. गणेश चतुर्थीनिमित्त मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. फ्लिक आं फ्लाकच्या मागेच कास्कावेल ही जुनी मराठी वस्ती आहे आणि विसर्जनाच्या मिरवणुका याच किनाऱ्यावर येतात. कोकणातल्या जाखडी या नाचगाण्याचे तिथले रूप 'झाकरी' ऐकायला मिळाल्यास सासरे खूश होतील. बोलताना मात्र समोरून क्रेओल या तिथल्या बोलीत उत्तर येईल, ही तयारी असू द्यावी. रस्त्यावर ढोल पुरी अवश्य खावी : पिवळ्या डाळीचे सारण भरलेल्या, तव्यावर भाजलेल्या दोन मऊ पोळ्या, आत रस्सा आणि चटणी, वरून कागदाची गुंडाळी, गूळ विसरलेली पुरणपोळीच म्हणा ना.

उरलेल्या दोन रात्री आग्नेयेला, माएबूरजवळ ब्लू बे येथे काढाव्यात. वारा तिथेही असतोच, परंतु विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे परतीच्या सकाळी धावपळ होणार नाही आणि हवा बरी असेल त्या वेळी काचेच्या तळाच्या होडीतून सासूबाईंना पाय न भिजवता प्रवाळ पाहता येतील. गाडी भाड्याने घेणार असाल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. शामारेलचा घाट तेवढा अंधार पडण्याआधी उतरावा.