भारतातले पहिले कॅथलिक संत कोण?

बरेच जण पटकन मदर तेरेसा किंवा केरळच्या संत अल्फोन्सा सांगतात, पण त्या दोघींच्या खूप आधी 1862 साली संतपद मिळालं ते आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, आणि जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या हाताखाली शिकून ते तरुणपणीच जपानला गेले, तिथली भाषा अस्खलित शिकले, मग काही वर्षं व्यापारही केला न् चांगला चालला म्हणे, पण मन त्यात रमेना म्हणून फिलिपिन्समधल्या मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ब्रदर झाले. फादर म्हणजे धर्मगुरू नव्हते हां, साधे व्रतस्थ ब्रदर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1593 ला परत जपानला गेले ते तिथला तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात फ्रान्सिस्कनांचे दुभाषी म्हणून. नंतर त्याच हिदेयोशीच्या हुकुमाने ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, क्योतोपासून नागासाकीपर्यंत भर थंडीत महिनाभर नेलं आणि 5 फेब्रुवारी 1597 ला बाकीच्या 25 जणांसोबत क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यात कोवळी पोरंही होती. वसईत आजही त्यांची भक्ती जिवंत आहे, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, जाऊन या एकदा.