वाचकांचे प्रश्न : धडा शिकवला, साहित्य राहून गेले

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीला मराठीत उत्तम गुण मिळतात; तरीही तिने एकही मराठी कादंबरी पूर्ण वाचलेली नाही आणि इतर भारतीय भाषांतील लेखकांची तिला नावेही ठाऊक नाहीत. शाळेत मराठी सक्तीची असताना असे का व्हावे?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य केली आणि तो न पाळल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही ठेवली. परंतु तो कायदा भाषेचा आहे, साहित्याचा नाही. पाठ्यपुस्तकात कादंबरीतला दोन-तीन पानांचा उतारा येतो, त्याखाली स्वाध्याय येतो, आणि परीक्षेच्या तयारीत तो उतारा गुण मिळवण्यापुरताच उरल्यामुळे मूळ पुस्तकाकडे जाणारी वाट तिथेच खुंटते. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि नेमाडे हे चार ज्ञानपीठ विजेते ज्या भाषेने दिले, तिच्या बाबतीत हे घडावे, याचे मला मनापासून दुःख होते. (दोष शिक्षकांना मी देणार नाही, अभ्यासक्रम संपवण्याची घाई त्यांच्यावर लादलेली असते.)

इतर भारतीय भाषांची उपेक्षा तर याहून मोठी आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेली साहित्य अकादमी चोवीस भाषांतील साहित्याला पुरस्कार देते आणि मराठी अनुवादही प्रकाशित करते. हे अनुवाद शाळेच्या ग्रंथालयात आहेत का, हे पालकसभेत अवश्य विचारा, आणि एखादे संपूर्ण पुस्तक वर्गात वाचण्यासाठी आठवड्याला एक तासिका मागा.