अमेरिकेत स्वतःच्या पिकअपने आरव्ही (चाकांवरची फिरती घरं) पोहोचवण्याचं काम धरलं तर विम्याला वर्षाला किती पैसे बाजूला काढावे लागतात?

तुमच्याकडे एक टनी डिझेल पिकअप आहे आणि कारखान्यातून निघालेले कॅम्पर, म्हणजे मागे ओढायच्या आरव्ही, भाड्याने डीलरकडे पोहोचवायचे आहेत, असं धरून चालतो. मी उत्तर इंडियानात व्यावसायिक गाड्यांच्या विम्याचं काम करतो. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इथल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, त्यामुळे हे काम करणारे ड्रायव्हर रोजच भेटतात.

तुम्ही कोणाच्या अथॉरिटीवर (भाड्याने माल नेण्याच्या सरकारी परवान्यावर) गाडी चालवणार, हे ठरल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. स्वतःची अथॉरिटी काढलीत तर सगळा विमा तुमच्या डोक्यावर. राज्याबाहेर भाड्याने माल नेणाऱ्या आणि १०,००१ पौंड किंवा त्याहून जास्त जीव्हीडब्ल्यूआर (उत्पादकाने ठरवलेलं गाडीचं मालासकट कमाल वजन) असलेल्या गाडीला केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे किमान ७,५०,००० डॉलरची लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा, लागते. प्रत्यक्षात काम देणारे बहुतेकदा १० लाख मागतात. नव्या अथॉरिटीला कंपन्या बिचकतात, बऱ्याचशा दारातच उभं करत नाहीत. पहिल्या वर्षी पाच आकडी हप्ता सांगितला तर एजंट फसवतोय असं समजू नका. हप्ता चुकला आणि पॉलिसी रद्द झाली तर कंपनी तसं सरकारला कळवते, आणि मग अथॉरिटीही जाते.

दुसरा रस्ता म्हणजे एखाद्या कॅरिअरकडे, म्हणजे अथॉरिटी असलेल्या वाहतूक कंपनीकडे, गाडी लीजवर (कराराने) लावणं. लोड त्यांच्या अथॉरिटीवर जातो, त्यामुळे लोकांच्या नुकसानीची लायबिलिटी त्यांची. तुमच्याकडे मुख्यतः तीन गोष्टी उरतात: पिकअपच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, नॉन-ट्रकिंग लायबिलिटी (काम नसताना गाडी चालवण्यासाठीची) आणि स्वतःच्या दुखापतीसाठी ऑक्युपेशनल ॲक्सिडेंट विमा. पहिल्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर चढतो. कर्जावर घेतलेली ऐंशी हजार डॉलरची ड्युअली (मागे दुहेरी चाकांची पिकअप) असेल तर तो बराच होईल आणि बँक तो टाळूही देणार नाही.

हिशेब वर्षाचा नको, भरलेल्या (कॅम्पर ओढत काढलेल्या) मैलाचा करा. या धंद्यात परतीचं भाडं जवळजवळ नसतंच. कॅम्पर सोडला की रिकामी गाडी घेऊन परत इंडियाना. समजा वर्षाला ५०,००० भरलेले मैल झाले आणि विमा १२,००० डॉलर पडला, तर मैलामागे २४ सेंट. लीजवर तोच ३,००० पडला तर ६ सेंट. (दोन्ही आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे कोटेशन त्यात घाला.) ड्रायव्हिंग रेकॉर्ड, गाडी रात्री कुठल्या झिप कोडमध्ये उभी असते आणि आधीच्या विम्यात खंड पडलाय का, यावर हप्ता बराच हलतो.

रिकाम्या परतीकडे मात्र नीट लक्ष द्या. नॉन-ट्रकिंग पॉलिसी तुमच्या खासगी वापरासाठी असते. डिलिव्हरी करून परत येताना धडक झाली, तर त्या पॉलिसीची कंपनी म्हणते 'हा धंद्याचा प्रवास' आणि कॅरिअरची विमा कंपनी म्हणते 'आमचा लोड तर उतरला होता'. दोघांच्या भांडणात ड्रायव्हर महिनोन्‌महिने लटकतो. म्हणून परतीच्या मैलांवर कोणाची पॉलिसी लागू होते, हे कॅरिअरकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'हो हो, कव्हर आहे' चालणार नाही. घरगुती ऑटो पॉलिसीवर तर या कामात अजिबात विसंबू नका.

आता कॅम्परबद्दल. साधी कार्गो पॉलिसी (मालाचा विमा) बहुधा गाडीत किंवा गाडीवर लादलेल्या मालासाठी लिहिलेली असते. तुमचा माल स्वतःच्या चाकांवर मागून पळतो. पॉलिसीत ओढून नेलेल्या युनिटचा स्पष्ट उल्लेख नसेल तर क्लेम अडतो. आमच्याकडे आलेल्या एका क्लेममध्ये नव्या कोऱ्या फिफ्थ व्हीलचा (पिकअपच्या हौद्यात जोडायच्या मोठ्या कॅम्परचा) टायर हायवेवर फुटला. सुटलेली रबराची पट्टी व्हील वेलमध्ये (चाकावरच्या पोकळीत) फटके मारत राहिली, आणि गाडी थांबेपर्यंत खालचं आच्छादन, पाण्याचे पाइप आणि वायरिंग फाटून लोंबत होतं. बाहेरून बघाल तर फक्त मडगार्ड वाकलेलं. अशा वेळी कॅरिअरच्या पॉलिसीचं डिडक्टिबल (क्लेममधली विमा कंपनी न देणारी पहिली रक्कम) अनेकदा लीजमधल्या एका ओळीने ड्रायव्हरच्या पगारातून कापलं जातं. कापायचं असेल तर त्याच्या अटी लीजमध्ये स्पष्ट लिहिलेल्या हव्यात आणि कापण्याआधी लेखी तपशील द्यायला हवा, असा केंद्राचा नियम आहे. तो मागायला संकोच करू नका. आणि कारखान्यातून निघण्याआधी छताचे, चारही कोपऱ्यांचे, ऑनिंगचे (बाजूच्या गुंडाळत्या छपराचे) आणि टायरचे फोटो काढाच. डीलरने महिन्याने दाखवलेल्या ओरखड्याला दुसरं उत्तर नसतं.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं लीजवर काढा. रेकॉर्ड स्वच्छ ठेवा, विम्यात एक दिवसही खंड पडू देऊ नका, आणि कॅरिअरकडून दरवर्षीची लॉस हिस्टरी (झालेल्या क्लेमची नोंद) लेखी घेत जा. अथॉरिटी काढायची वेळ येईल तेव्हा हीच कागदपत्रं बघून कंपन्या दर ठरवतात.