‘दुखत नव्हतं, म्हणून केलं’

“मॅडम, सगळं वाया घालवलं का हो मी?” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं. एक हात पोटावर दाबून धरलेला. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीचे तपशील बदलून.)

टमी टकची शस्त्रक्रिया होऊन एकोणीस दिवस झाले होते. दोन बाळंतपणांत पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले. सर्जननी ते आतून टाके घालून जवळ आणले होते, सैल कातडी काढली होती. पंधराव्या दिवशी अगदी ठणठणीत वाटलं, म्हणून तिनं वीस सिट-अप्स मारल्या, वर प्लँक. दुसऱ्या दिवशी कूस बदलताना आत पाणी डचमळल्यासारखं झालं. चार दिवस ती हे मनातच घेऊन बसली. नवऱ्यालाही बोलली नाही, कारण ‘हौसेचं ऑपरेशन’ हे शब्द घरात एकदा निघाले होते.

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“ओरडतील ना.”

बाकीचं बोलणं बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोरच तिला फोन लावायला लावला. कुणी ओरडलं नाही. “लगेच निघा,” एवढंच म्हणाले. कातडीखाली द्रव साचला होता, सेरोमा म्हणतात त्याला. सुईनं काढला, आठवड्यानं पुन्हा काढावा लागला. आतले टाके शाबूत होते. ते सुटले असते किंवा आत रक्त साचलं असतं, तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकली असती.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, “दुखत नव्हतं, म्हणून केलं.” हे वाक्य मी फार जणींकडून ऐकते. कातडी उचलताना बारीक नसा कापल्या जातात. नाभीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहू शकतो. दुखेल तरी कसं? आणि वरून जखम मिटली तरी तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम पावपट असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते.

म्हणून पडूनच राहायचं, असंही नाही. पायात गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून हळूहळू, थोडं वाकून चालायचंच असतं. चार-पाच किलोंपेक्षा जड मात्र साधारण सहा आठवडे उचलायचं नाही. पोटाचे व्यायाम त्यानंतरच, तेही सर्जननी हो म्हटल्यावर. स्नायू शिवले असतील तर कधी तीन महिनेही थांबावं लागतं.

खरं तर हे सगळं तिच्या डिस्चार्जच्या कागदावर होतं, तिनं वाचलंही होतं. तिला घाई करायला लावली ती संध्याकाळच्या आरशानं. सूज दिवसभरात वाढते, आणि तिला दिसायचं ते जुनं पोट, परत आलेलं. ही सूज महिनोन्‌महिने राहू शकते, हे तिला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या: संध्याकाळी आरशासमोर पोट तपासायचं नाही, आणि धाकट्याला उचलायचं नाही. आपण सोफ्यावर बसायचं, त्यानं चढून कुशीत यायचं. तो दोन दिवसांत शिकला.

तुमच्याकडूनही अशी घाई झाली असेल, तर आजच सर्जनना फोन करा. काय केलं, कितव्या दिवशी केलं, स्पष्ट सांगा. पोट एका बाजूनं अचानक फुगलं, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला तर उद्यावर टाकू नका. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर फोनचीही वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.