टॉर्क, तर्कु आणि टकळी

प्रश्न असा आला आहे : ‘फिरत्या तबकडीच्या गणितात टॉर्कला “फिरवणारी शक्ती” म्हटले तर चालेल का, की “आघूर्ण”च म्हणावे?’

चालणार नाही. टॉर्क म्हणजे वस्तूला फिरवू पाहणारा पीळ. यंत्रांविषयी लिहिणारे जाणकारही टॉर्कला सर्रास ‘शक्ती’ म्हणतात, हे वाचून मला दर वेळी त्रास होतो, कारण कार्य किती झपाट्याने होते त्याचे माप म्हणून भौतिकीने तो शब्द केव्हाच राखून ठेवला आहे. 2 किलोग्रॅम वस्तुमानाची, 10 सेंटिमीटर त्रिज्येची, सर्वत्र सारख्या जाडीची भरीव तबकडी घ्या. वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे, म्हणजे 0.01 किलोग्रॅम-चौरस मीटर, हे तिचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला ती किती विरोध करते त्याचे माप. तिला एकसारख्या त्वरणाने 4 सेकंदांत स्थिर अवस्थेतून सेकंदाला 20 रेडियन या कोनीय वेगापर्यंत न्यायचे, तर लागणारे आघूर्ण 0.05 न्यूटन-मीटर येते. ते चारही सेकंद तेवढेच राहते. शक्ती मात्र शून्यापासून 1 वॅटपर्यंत चढत जाते. मग दोहोंना एकच नाव कसे द्यायचे?

‘टॉर्क’ हा शब्द पिळणे या अर्थाच्या ‘तोर्क्वेरे’ या लॅटिन क्रियापदावरून घेतलेला आहे. अभियंते जेम्स थॉमसन यांनी तो सुचवला असे मानतात आणि 1884 साली तो छापून आला. त्याच मुळातून संस्कृतात ‘तर्कु’, म्हणजे सूत कातण्याची चाती, आणि ग्रीकमध्ये त्याच अर्थाचा ‘अत्राक्तोस’ हे शब्द आले. आपली टकळी ही या तर्कूचीच लेक, असे माझे ठाम मत आहे. रकाराच्या संगतीने तकाराचा टकार झाला असावा. टकळीच्या दांडीला बोटांनी दिलेला पीळ हेच आघूर्ण, आणि तिची चकती जडत्व आघूर्ण वाढवते, म्हणून बोटे सुटल्यावरही ती फिरत राहते. शब्दाच्या माहेरीच फिरती तबकडी सापडावी, याचा मला अपार आनंद वाटतो.

प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काचार्यांनी ‘निरुक्त’ या आपल्या ग्रंथात ‘तर्कु’ हे आद्यन्तविपर्ययाचे उदाहरण दिले आहे, म्हणजे कातणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूची अक्षरे उलटून तो शब्द बनला, असे त्यांचे म्हणणे. अर्थ चपखल बसतो, तरी मला ही व्युत्पत्ती मान्य नाही. लॅटिन आणि ग्रीक या दोहोंतही तकार आधी आणि ककार नंतर आहे; मग उलटापालट एकट्या संस्कृतात झाली असे म्हणायला आधार कोणता? यास्कांपुढे त्या भाषा नव्हत्या. त्यांचे मत आज डोळे मिटून उद्धृत करणाऱ्यांना मात्र ती सबब नाही.

‘आघूर्ण’ या शब्दातला ‘घूर्ण्’ धातू गरगर फिरणे, म्हणजे परिणाम सांगतो. ‘पीळ’ कारण सांगतो. घट्ट बसलेले झाकण तसूभर फिरले नाही, तरी हाताने दिलेला पीळ त्यावर असतोच. तरीही गणितात ‘आघूर्ण’च लिहावे, कारण ‘जडत्व आघूर्णा’शी त्याची जोडी जमली आहे. बोलताना मी पीळच म्हणतो.