ऑर्कुट एवढं गाजूनही का संपलं?

कारण माणसं निघून गेली. ऑर्कुटसारख्या, मित्रांशी जोडून ठेवणाऱ्या सोशल साइटची किंमत तिथे आपली किती माणसं आहेत यावरच ठरते.

जानेवारी २००४ मध्ये गुगलने ऑर्कुट सुरू केलं. भारत आणि ब्राझीलमध्ये ते तुफान चाललं. नाशिकला कॉलेज रोडवर सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही स्क्रॅप, म्हणजे मित्रांनी आपल्या पानावर लिहिलेले निरोप, वाचायला बसायचो. मित्राने आपल्यासाठी टेस्टिमोनियल, म्हणजे आपल्याबद्दल चार चांगले शब्द, लिहिलं, की दिवस चांगला जायचा.

२००६ मध्ये फेसबुक सर्वांसाठी खुलं झालं. तिथे मित्रांच्या घडामोडी आपसूक समोर येत. सुरुवातीच्या ऑर्कुटवर एकेकाचं पान उघडून पाहावं लागे. माझ्या मते खरा फरक हाच. चार मित्र तिकडे गेले, की पाचवा इथे कोणाशी बोलणार? मायस्पेस या दुसऱ्या सोशल साइटचंही तसंच झालं: २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला घेतलेली साइट २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटींना विकली गेली.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत होती. माझे राहून गेले, त्यात गोदाघाटावरचा आमच्या सगळ्या ग्रुपचा एकमेव फोटो होता.